तेहतिसाचे पंधरा कसे झाले?

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर विधानसभेची पहिली निवडणूक १९६२ साली झाली. सभागृहात एकूण २६४ जागा होत्या आणि त्यांपैकी ३३ अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. पाच वर्षांनी, १९६७ साली, एकूण जागा २७० झाल्या आणि अनुसूचित जातींच्या राखीव जागा उरल्या फक्त १५. सभागृह सहा जागांनी वाढले आणि आपल्या अठरा जागा गेल्या.

दरवर्षी २४ सप्टेंबरला आपल्या चळवळीत पुणे कराराची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. मान्यवर कांशीरामजींनी त्या कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, ‘चमचा युग’ लिहून या चर्चेला धार दिली. पण तेहतिसाचे पंधरा झाले याची चर्चा ना सभेत होते, ना शिबिरात, ना आपल्या विद्वानांच्या ग्रंथांत. निम्म्याहून अधिक प्रतिनिधित्व एका फटक्यात गेले आणि त्याचा मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही, याचा अर्थ हा घाव इतक्या सफाईने घातला गेला की तो कुठे बसला हेच बहुतेकांना कळले नाही.

निवडणुकीतील अन्याय म्हटला की आपल्याला बूथ ताब्यात घेणे आठवते, मतदार याद्यांतून वस्त्याच्या वस्त्या गायब होणे आठवते, मतदानाच्या आदल्या रात्री वाटलेले पैसे आठवतात. हे सगळे खरे आहे. पण त्याच्याही कितीतरी आधी एक काम होऊन गेलेले असते. मतदारसंघ कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि त्यातला कोणता राखीव, हे ठरते. ते बंद दाराआड, नकाशा आणि जनगणनेचे तक्ते समोर ठेवून ठरते. एकदा त्याचा आदेश राजपत्रात आला की राज्यघटनेच्या ३२९व्या कलमामुळे न्यायालयाचे दारही जवळजवळ बंद होते. उमेदवार अर्ज भरायला जातो तेव्हा अर्धी निवडणूक होऊन गेलेली असते.

तर १९६२ ते १९६७ या पाच वर्षांत झाले काय? अनुसूचित जातींची माणसे महाराष्ट्र सोडून निघून गेली काय? तसे काही नाही. राज्यघटनेच्या ३३२व्या कलमानुसार विधानसभेतील राखीव जागा त्या राज्यातील अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. १९६२ च्या ३३ जागा १९५१ च्या जनगणनेवर ठरल्या होत्या. १९६७ च्या जागा १९६१ च्या जनगणनेवर ठरल्या. या दोन जनगणनांच्या मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस येतो.

१९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची नोंद जेमतेम अडीच हजार होती. १९६१ साली ती २७ लाख ८९ हजार झाली, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या सात टक्क्यांहून थोडी अधिक. त्याच जनगणनेत अनुसूचित जातींची नोंद साडेपाच टक्क्यांच्या आसपास आली. आता हे दोन आकडे एकत्र करून पाहा. बेरीज साडेबारा टक्क्यांच्या पुढे जाते. २६४ जागांपैकी ३३ म्हणजे किती होतात? बरोबर साडेबारा टक्के. म्हणजे माणसे तीच होती, गावकुसाबाहेरची वस्ती तीच होती, पाणवठ्यावरची अडवणूकही तीच होती. फक्त दिल्लीच्या कागदावर ती माणसे अनुसूचित जातीची राहिली नव्हती. त्यांनी बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारला होता आणि त्याची किंमत नकाशाने वसूल केली.

याचे मूळ १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आहे. त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदू धर्म मानणाऱ्यालाच अनुसूचित जातीचे समजले जात होते. १९५६ साली, धम्मदीक्षेच्या काहीच दिवस आधी, संसदेने दुरुस्ती करून त्यात शीख बांधवांचा समावेश केला. बौद्धांना मात्र तिथून पुढे चौतीस वर्षे थांबावे लागले. गंमत पाहा. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांना लागू होतो. वारसाहक्काचा १९५६ चा कायदाही लागू होतो. घटनेच्या २५व्या कलमाच्या स्पष्टीकरणातही ‘हिंदू’ या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध धरलेले आहेत. लग्न लावताना, वारस नोंदवताना तुम्ही हिंदू. पण विधानसभेत प्रतिनिधी पाठवायची वेळ आली की तुम्ही बौद्ध! जिथे आपल्याला मोजून घेतल्याने त्यांचे काही जात नव्हते तिथे मोजून घेतले आणि जिथे मोजल्याने सत्तेत वाटा द्यावा लागला असता तिथे बाहेर काढले.

ही केवळ आकड्यांची गोष्ट राहिली नाही. १९६२ च्या त्या ३३ जागांपैकी एक नागपुरातली होती. तिथून डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांच्या निवडीविरुद्ध पंजाबराव या नावाने याचिका झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६४ साली न्यायालयाने मेश्राम यांची निवड अवैध ठरवली. कारण एकच होते. ते बौद्ध झाले होते. धर्म मानणे म्हणजे तो लोकांना कळेल अशा रीतीने उघडपणे जाहीर करणे, असा अर्थ न्यायालयाने लावला आणि तसे मेश्राम यांनी केले असल्याने ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत असे ठरले. कायद्याच्या भाषेत निकाल बिनचूक असेल. पण ज्या नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली त्याच नागपुरात, दीक्षा उघडपणे घेतली हाच अपात्रतेचा पुरावा ठरला. घरात बुद्धमूर्ती लपवून ठेवली असती आणि बाहेर हिंदू म्हणवले असते तर आमदारकी टिकली असती. ज्यांनी खोटे बोलण्यास नकार दिला त्यांना दंड बसला.

म्हणजे कुऱ्हाड दोन बाजूंनी चालली. एका बाजूने बौद्ध माणूस राखीव जागेवर उभा राहू शकत नव्हता. दुसऱ्या बाजूने त्याची लोकसंख्याही मोजली जात नव्हती, म्हणून राखीव जागाच कमी झाल्या. यात नुकसान फक्त बौद्धांचे झाले असे कुणी समजू नये. चर्मकार, मातंग, ढोर आणि इतर अनुसूचित जातींचे जे बांधव हिंदू म्हणून नोंदले गेले, त्यांच्यातूनच त्या १५ जागांवरचे आमदार आले. त्यांच्याविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. त्यांचाही तो हक्कच होता. पण सभागृहात ३३ जण असणे आणि १५ जण असणे यात फरक पडतो. तेहतीस जण एकत्र आले तर मंत्रिमंडळाला विचार करावा लागतो. पंधरा जणांना एखादे राज्यमंत्रिपद आणि दोन महामंडळे देऊन गप्प बसवता येते. त्यात पक्षाचे तिकीट देणारे वरिष्ठ, मतदान करणारे बहुसंख्य इतर समाजाचे, आणि निवडून येणारा एकटा. तो बोलणार कुणासाठी?

राज्य सरकारने १९६० साली बौद्धांना शिक्षण आणि राज्यसेवेतल्या सवलती चालू ठेवल्या, हे इथे नोंदवले पाहिजे. त्या सवलतींवर एक पिढी शिकली. पण राजकीय राखीव जागा देणे राज्याच्या हातात नव्हते आणि केंद्राला ते द्यायचे नव्हते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या डिसेंबरात रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या मागण्यांच्या यादीत जमिनीबरोबर ही मागणीही होती, की बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात. जमिनीची मागणी इतिहासात राहिली. ही दुसरी मागणी मात्र नंतर नोकरी आणि शिष्यवृत्तीपुरतीच आठवली गेली. विधानसभेच्या जागांशी तिचा संबंध होता हे सांगणारे कुणी उरले नाही.

रिपब्लिकन पक्ष त्याच काळात फुटत गेला. त्याचे खापर नकाशावर फोडता येणार नाही. ते पाप आपल्या पुढाऱ्यांचे आहे आणि ते त्यांच्याच पदरात राहू द्यावे. पण एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्या समाजात शिक्षणाची भूक सर्वांत मोठी, ज्याच्यात राजकीय जाणीव सर्वांत तीव्र, त्या समाजाला विधानसभेचा राखीव दरवाजा कायद्याने बंद आणि खुल्या जागेचा दरवाजा जातीने बंद अशी अवस्था असताना, पुढाऱ्याने सत्तेत जायचे कोणत्या वाटेने? उरली ती मोठ्या पक्षाच्या मेहरबानीची वाट. एखादी विधान परिषद, एखादी राज्यसभा. १९७२ साली जी तरुण मुले दलित पँथर काढून रस्त्यावर आली, ती या बंद दरवाजासमोरच वाढली होती.

पुढचा अध्याय आणीबाणीतला. १९७१ च्या जनगणनेवर पुन्हा पुनर्रचना झाली. विधानसभेच्या जागा २८८ झाल्या आणि अनुसूचित जातींच्या वाट्याला आल्या १८. त्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख, अनुसूचित जाती ३० लाखांच्या आसपास आणि बौद्ध ३२ लाख ६४ हजार. म्हणजे अनुसूचित जातींपेक्षा बौद्धच संख्येने जास्त! सगळ्या बौद्धांना मोजले असते तर ३६ च्या आसपास जागा झाल्या असत्या. पाचातला एक बौद्ध दुसऱ्या समाजातून आला असे धरून सोडून दिला, तरी ३२ होतात. मिळाल्या १८. आणि मग १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ही वाटणी पंचवीस वर्षांसाठी गोठवली. अर्धपोटी माणसाचे वजन करायचे आणि तेच त्याचे कायमचे वजन म्हणून नोंदवायचे, असा हा प्रकार होता.

त्याच १९७६ साली आणखी एक कायदा झाला, त्याकडे आपल्या वकील मंडळींनी लक्ष द्यावे. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्यांतील क्षेत्रबंधन त्या कायद्याने काढले. पूर्वी ठरावीक तालुक्यांतच जमातीचे समजले जाणारे आदिवासी बांधव आता राज्यभर जमातीचे मानले जाऊ लागले. त्यामुळे त्यांची लोकसंख्या वाढणार होती, म्हणून त्याच कायद्यात तरतूद केली की जनगणना अधिकाऱ्याने लोकसंख्येचा नव्याने अंदाज काढावा आणि निवडणूक आयोगाने त्याप्रमाणे मतदारसंघांत दुरुस्ती करावी. महाराष्ट्रात आदिवासींच्या राखीव जागा १६ होत्या, त्या २२ झाल्या. हे योग्यच झाले. म्हणजे नवी जनगणना न करताही, यादी बदलली की जागा बदलता येतात, हे संसदेला माहीत होते आणि तिने ते करून दाखवले होते.

आता १९९० कडे या. बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष, व्ही. पी. सिंग यांचे सरकार. राष्ट्रपतींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि हिंदू, शीख यांच्याबरोबर बौद्ध हा शब्द आला. आपण पेढे वाटले. वाटायलाच हवे होते. पण यादीत तिसरा धर्म आल्याने महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट होणार होती, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. १९९१ च्या जनगणनेत ते दिसलेही. १९८१ साली सात टक्क्यांवर असलेल्या अनुसूचित जाती ११.१ टक्के झाल्या. २८८ पैकी ११.१ टक्के म्हणजे ३२ जागा. मग १९७६ चा मार्ग १९९० मध्ये का वापरला नाही? लोकसंख्येचा अंदाज काढा, जागा दुरुस्त करा, एवढेच करायचे होते. केले नाही. परिणाम असा की १९९५, १९९९ आणि २००४ या तीन निवडणुकांत बौद्ध उमेदवार राखीव जागेवर उभा राहू शकत होता, पण जागा त्याच १८. ताटावर बसायला परवानगी मिळाली, भाकरी मात्र वाढवली नाही. आणि वरून बौद्धांनी आमच्या जागा खाल्ल्या असे इतर अनुसूचित जातींच्या कानांत सांगायला सगळे मोकळे! भावाभावांत भांडण लावण्याचा हा कावा किती जणांच्या लक्षात आला?

लोकसभेचीही हीच कथा. ४८ पैकी फक्त बुलढाणा, उस्मानाबाद आणि पंढरपूर हे तीन मतदारसंघ २००४ पर्यंत राखीव होते. १९९८ साली रिपब्लिकन ऐक्य आणि काँग्रेसशी समझोता झाला तेव्हा आपले चार खासदार निवडून आले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले. चारही जागा तेव्हा खुल्या होत्या. ज्या राखीव जागा समाजाच्या नावाने ठेवल्या होत्या तिथून नव्हे, तर समाजाची मते जिथे एकगठ्ठा होती आणि मित्रपक्षाची जोड मिळाली तिथून ते गेले. या गोष्टीवर पुढे यायचे आहे.

१९६७ ते २००४ या काळात महाराष्ट्रात विधानसभेच्या नऊ निवडणुका झाल्या. हात राखून हिशेब केला तरी या नऊ निवडणुकांत मिळून सव्वाशेच्या वर आमदारक्या आपल्या समाजसमूहाच्या हातून गेल्या. या काळात रोजगार हमी झाली, नामांतराचा ठराव झाला आणि सोळा वर्षे लोंबकळला, गावोगाव घरे जळली, गायरानाच्या जमिनींची आंदोलने झाली. त्या प्रत्येक वेळी सभागृहात दुप्पट माणसे असती तर काय झाले असते, हे सांगता येणार नाही. पण त्यांना तिथे नसू देण्याची व्यवस्था कुणी केली हे सांगता येते.

२००१ साली ८४वी घटनादुरुस्ती झाली. एकूण जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवायच्या, पण मतदारसंघांच्या सीमा आणि राखीव जागा १९९१ च्या जनगणनेप्रमाणे नव्याने ठरवायच्या असे त्यात होते. म्हणजे महाराष्ट्राला ३२ जागा मिळणार होत्या. मग २००३ साली ८७वी दुरुस्ती आली आणि १९९१ च्या जागी २००१ ची जनगणना धरली गेली. नवी जनगणना घ्यावी यात वरवर चूक काहीच नाही. पण २००१ मध्ये महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण १०.२ टक्के नोंदले गेले होते. ३२ च्या २९ झाल्या. तीन जागा या दुरुस्तीत गेल्या आणि त्याची बातमीही झाली नाही.

आता हे आकडे नीट पाहा, कारण पुढचा सगळा प्रश्न यातच आहे. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या बावीस टक्क्यांहून अधिक वाढली, अनुसूचित जाती मात्र तेरा टक्क्यांच्या आतच वाढल्या. पुढच्या दहा वर्षांत राज्य सोळा टक्क्यांनी वाढले आणि अनुसूचित जाती चौतीस टक्क्यांनी! एका दशकात आपल्या घरी पाळणे हलायचे थांबले आणि दुसऱ्या दशकात जुळी-तिळी झाली, असे काही घडलेले नाही. जन्ममृत्यूने असे आकडे येत नाहीत. जनगणनेच्या कागदावर जातीचा रकाना कसा भरला गेला, त्याने येतात.

२००८ साली न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाची पुनर्रचना लागू झाली आणि २००९ ची विधानसभा २९ राखीव जागांवर लढली गेली. अठराच्या एकोणतीस झाल्या म्हणून आनंद झाला. पण कोणत्या एकोणतीस? पुनर्रचनेच्या कायद्यात अनुसूचित जमातींसाठी एक नियम आहे आणि अनुसूचित जातींसाठी दुसरा. जमातींच्या जागा त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असेल तिथे ठेवायच्या. जातींच्या जागा मात्र राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखरून, आणि शक्यतो त्यांचे प्रमाण तुलनेने जास्त असेल तिथे ठेवायच्या. ‘विखरून’, ‘शक्यतो’, ‘तुलनेने’. या तीन शब्दांत किती खेळ करता येतो ते राजकारण जाणणाऱ्याला सांगायला नको. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालमधली उदाहरणे दाखवून दिली. मुस्लिमांचे प्रमाण मोठे असलेले मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि अनुसूचित जातींचे प्रमाण त्याहून जास्त असलेले मतदारसंघ खुले. एका दगडात दोन पक्षी. मुस्लिमांना उभे राहता येत नाही आणि दलितांना स्वतःच्या मतांवर निवडून येता येत नाही.

शिवाय आयोगाबरोबर बसतो कोण? प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात. त्यांना मत नसते, पण कान आणि तोंड असते. ते प्रस्थापित पक्षांचेच असतात. त्यानंतर मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवतात, जाहीर सुनावणी होते. तिथे साखर कारखान्याचे अध्यक्ष वकील घेऊन हजर असतात. अमुक गाव आमच्या तालुक्यात ठेवा, तमुक सर्कल तोडा, असे त्यांचे निवेदन नकाशासह तयार असते. आपले कार्यकर्ते त्या दिवशी कुठे असतात? पुतळ्याच्या सुशोभीकरणाचा अर्ज घेऊन नगरपालिकेत.

आणि नकाशा झाल्यावर काय दिसले? चिमूर आदिवासींसाठी राखीव अशा गडचिरोली-चिमूरमध्ये गेले. अमरावती राखीव झाले, पण २००९ आणि २०१४ दोन्ही वेळा तिथून शिवसेनेचा उमेदवार गेला. शिर्डी राखीव झाले, तिथे २००९ साली आठवले पराभूत झाले. विधानसभेत भारिप-बहुजन महासंघाचा २००९ साली एक आमदार आला तो अकोला पूर्वमधून आणि २०१४ साली एक आला तो बाळापूरमधून. दोन्ही मतदारसंघ खुले. राखीव जागा वाढल्या, आपल्या स्वतंत्र राजकारणाची जागा वाढली नाही.

इथे काही मित्र म्हणतील, मग राखीव जागांचा आग्रह कशाला? बाबासाहेबांच्या हयातीतच, १९५५ साली, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने कायदेमंडळातील राखीव जागा रद्द करण्याचा ठराव केला होता. हा ठराव खरा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. संयुक्त मतदारसंघात राखीव जागेवरून दुसऱ्यांच्या मर्जीची माणसे निवडून येतात, हा त्यामागचा अनुभव होता. पण सगळ्या राखीव जागा रद्द करणे वेगळे आणि त्या चालू ठेवून त्यांच्या मोजणीतून एका समाजाला वगळणे वेगळे. पहिल्यात सगळे एका रेषेवर येतात. दुसऱ्यात जागा चालू राहतात, त्यांचा उपयोग मोठे पक्ष करून घेतात आणि ज्यांनी धम्म स्वीकारला तेवढे बाहेर राहतात. १०४व्या घटनादुरुस्तीने या जागांची मुदत जानेवारी २०३० पर्यंत वाढवली गेली. त्या ठेवाव्यात की नाही यावर समाजात खुली चर्चा व्हावी, जरूर व्हावी. तोवर आपला आकडा दुसऱ्याने खाऊ नये, एवढे तरी पाहावे लागेल.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जाती ११.८ टक्के झाल्या. त्या हिशेबाने २८८ पैकी ३४ जागा होतात. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही निवडणुका मात्र २००१ च्या आकड्यावर, २९ जागांवरच झाल्या. म्हणजे साठ वर्षांनंतरही आपण १९६२ च्या ३३ पर्यंत पोहोचलेलो नव्हतो.

त्याच जनगणनेत राज्यात ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले. त्यांपैकी अनुसूचित जातींत मोजले गेले सुमारे ५२ लाख. उरलेल्या तेरा लाखांत काही ओबीसी, आदिवासी आणि इतर समाजांतून आलेले धम्मबांधव असतील. पण मोठा भाग आपलाच असणार, आणि तो गळाला तो एका रकान्यात. जनगणनेत अनुसूचित जातीची नोंद होण्यासाठी राज्याच्या यादीतील जातीचे नाव सांगावे लागते. त्या ५९ जातींच्या यादीत ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ नावाची जात नाही, कारण बौद्ध ही जात नाहीच! धर्म बौद्ध आणि जातही बौद्ध असे सांगितले की माणूस धर्मात मोजला जातो, जातीत मोजला जात नाही.

ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांच्या तोंडून पुन्हा ती जुनी जात वदवून घेणे किती कडू आहे, हे मला कळते. अनेक घरांत यावरून वाद होतात. मुलगा म्हणतो बौद्धच लिहा, बाप म्हणतो सवलत जाईल. मुलाच्या बोलण्यात स्वाभिमान आहे आणि त्याची चेष्टा करू नये. पण जनगणनेचा कागद म्हणजे विहारातली वंदना नव्हे. शासनाने आपल्याला शतकानुशतके कोणत्या नावाखाली बाहेर ठेवले त्याचा तो पंचनामा आहे. पंचनाम्यात मार कुठे लागला ते लिहावे लागते. त्याने मार मान्य केला असे होत नाही. धर्माच्या रकान्यात बौद्ध सोडून दुसरे काही लिहिणे मात्र कुठल्याच कारणाने क्षम्य नाही. १९९० नंतर त्याची गरजही उरलेली नाही. दोन रकाने आहेत आणि दोन्ही आपले आहेत.

जून २०२५ मध्ये केंद्राने नव्या जनगणनेची अधिसूचना काढली, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरवली आणि तिच्यात सगळ्या जातींची नोंद घेण्याचे ठरवले. विधानसभेची पुढची पुनर्रचना २०११ वर झाली तर हिशेब ३४ चा आहे, आणि त्यातल्या तीस-एकतीसवर कुणी बोळवण करू पाहील तर त्याला आकडा दाखवता आला पाहिजे. ती २०२७ वर झाली तर जो आकडा आपण लिहून देऊ तोच आपला. म्हणून वस्तीवस्तीतल्या विहारांत, महिला मंडळांत आणि तरुणांच्या मंडळांत एकेक बैठक या रकान्यांवर व्हावी. शिकलेल्या मुलांनी वृद्धांच्या शेजारी बसावे. धर्म बौद्ध, आणि जात विचारली तर यादीत आहे ते नाव, महार असेल तर महार, मांग असेल तर मांग, चांभार असेल तर चांभार. प्रगणक ओळखीचा असला तरी ‘तुमचे मला माहीत आहे’ म्हणून त्याला पुढे जाऊ देऊ नये. यावेळी नोंद मोबाईलवर व्हायची आहे. त्याने काय भरले ते पडद्यावर वाचून घ्यावे आणि मगच त्याला दारातून जाऊ द्यावे.